ग्रीनव्हिल: धबधब्यावरचा पूल पाडणारं गाव

२००२ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहरानं चालू वाहतुकीचा पूल पाडला. तो पडायला आला होता म्हणून पाडला असं नाही. १९६० मध्ये बांधलेला चार लेनचा कॅम्परडाउन पूल रोजची वाहतूक मुकाट्यानं पेलत होता. त्याचा दोष एकच होता. गावाच्या ऐन मध्यात रीडी नदीचा धबधबा आहे, आणि हा पूल नेमका त्याच्या डोक्यावरून जायचा. धबधबा गावात असूनही गावाला दिसत नव्हता. ज्यांचा उभा जन्म तिथे गेला त्यांतल्या कित्येकांना तो आहे हेही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांत त्या जागी बाग झाली आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक देखणा झुलता पूल उभा राहिला. आज नदीकाठ आणि बाजारपेठ सुधारण्यावर बोलणारा कुणीही सल्लागार या पुलाचा फोटो दाखवल्याशिवाय राहत नाही. फोटो खरा आहे, पण तो दाखवणारे गोष्ट २००२ पासून सांगायला घेतात. ग्रीनव्हिलची गोष्ट त्याआधी पंचवीस-तीस वर्षं सुरू झाली, आणि ती नदीवर नाही, रस्त्यावर सुरू झाली. मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो हा क्रम. आधी रस्ता, मग रस्त्याची दोन टोकं आणि नदी सगळ्यात शेवटी.

गाव आणि ओढ्याएवढी नदी

ग्रीनव्हिल ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी आहे. २००० च्या जनगणनेत नगरहद्दीतली वस्ती ५६,००२ होती, म्हणजे साधारण आपल्या कराडएवढी. २०२० मध्ये ती ७०,७२० झाली. मात्र हा आकडा एकटा पाहिला तर फसगत होते. नगरहद्द छोटी असली तरी भोवतालच्या ग्रीनव्हिल काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आज पाच लाखांहून जास्त माणसं राहतात आणि कामाला, कोर्टात, नाटकाला याच गावात येतात.

रीडी ही नदी नावाचीच. आपल्याकडे कुणी तिला ओढाच म्हटलं असतं. एकूण लांबी जेमतेम शंभर किलोमीटर. पण गावात ती खडकांवरून उतरते, आणि त्या उतारातच गावाचा जन्म झाला. १७७० च्या सुमारास हा मुलूख चेरोकी या मूळनिवासी लोकांचा असताना रिचर्ड पेरिस नावाच्या व्यापाऱ्यानं इथे बस्तान बसवलं आणि धबधब्याच्या पाण्यावर पिठाची गिरणी चालवली. शंभर वर्षांनी त्याच पाण्याच्या जोरावर कापडगिरण्या आल्या. धबधब्याशेजारची कॅम्परडाउन गिरणी १८७० च्या दशकातली. विसाव्या शतकात गावाभोवती गिरण्यांची आणि गिरणीकामगारांच्या वस्त्यांची चंद्रकोर तयार झाली आणि गाव स्वतःला 'जगाचं कापड केंद्र' म्हणवून घेऊ लागलं.

गिरण्यांचं सांडपाणी सरळ नदीत जायचं. त्या दिवशी गिरणीत कोणता रंग चढतोय हे नदीकडे बघून कळायचं, असं गावातली जुनी माणसं सांगतात. इचलकरंजीच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको, पंचगंगेनं तेच पाहिलंय. अशा नदीकडे गाव तोंड करून बसत नाही. घरांनी, दुकानांनी, गोदामांनी तिच्याकडे पाठ केली. पुढे राज्याच्या रस्तेखात्यानं तिच्यावरून पूल टाकला तेव्हा कुणाला त्यात काही गमावल्यासारखं वाटलंच नाही.

बाजारपेठ ओस पडली ती कशी

मेन स्ट्रीट ही इथली मुख्य पेठ. १९५० आणि ६० च्या दशकात ती जी उतरणीला लागली त्याची कारणं अमेरिकेतल्या शेकडो गावांत तीच होती. लोक गाडीनं उपनगरात राहायला गेले, त्यांच्यामागे दुकानंही गेली. १९६८ मध्ये मॅकॲलिस्टर स्क्वेअर हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. ज्या फर्मन विद्यापीठाचा पसारा शंभर वर्षं नदीवरच्या टेकाडावर होता ते गावाबाहेरच्या नव्या आवारात गेलं आणि जुन्या आवाराच्या जागीही मॉलच आला. तोसुद्धा पुढे चालला नाही, ती इमारत काउंटीनं कचेऱ्यांसाठी घेतली. १९२५ मध्ये दिमाखात उघडलेलं पॉइनसेट हॉटेल आधी वृद्धांचं निवासस्थान झालं आणि मग कुलूप लागून पडलं.

जुन्या वैभवाबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा गाळली जाते, म्हणून इथे सांगून ठेवतो. ते वैभव सगळ्यांचं नव्हतं. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकांचे पैसे चालायचे, पण त्यांना खाण्याच्या काउंटरवर बसता यायचं नाही. त्यांचे डॉक्टर, वकील, विमावाले जवळच १९२२ मध्ये बांधलेल्या वर्किंग बेनेव्हलंट टेंपलच्या इमारतीत बसायचे. १९६० च्या जुलैत आठ काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या ग्रंथालयात जाऊन वाचत बसले म्हणून अटकेत गेले. त्यांच्यातला एक जेसी जॅक्सन, पुढे नागरी हक्क चळवळीचा नेता झालेला, याच गावचा. आज मेन स्ट्रीटवर जुन्या वुलवर्थ दुकानाच्या जागेजवळ स्टर्लिंग हायस्कूल या काळ्या मुलांच्या शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांचा पुतळा आहे. 'बाजारपेठ पुन्हा जिवंत करा' असं म्हणताना ती पूर्वी कुणासाठी जिवंत होती हे विचारावं लागतं. हा प्रश्न पुढे उद्यानाच्या वेळी परत उभा राहिला.

शर्टवाला महापौर

मॅक्स हेलर हा व्हिएन्नाचा ज्यू तरुण. १९३७ मध्ये तिकडे फिरायला आलेली ग्रीनव्हिलची मेरी मिल्स नावाची मुलगी त्याला भेटली आणि जाताना पत्ता देऊन गेली. पुढच्याच वर्षी हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. हेलरनं तिला पत्र लिहिलं, तिनं गावातल्या शेपर्ड सॉल्टझमन या शर्ट कारखानदाराला गाठलं, आणि त्याच्या हमीवर हेलर १९३८ मध्ये ग्रीनव्हिलला पोहोचला. पडेल ते काम करत त्यानं पुढे स्वतःचा शर्टांचा कारखाना काढला, तो वाढवून विकला आणि १९७१ मध्ये महापौर झाला. १९७९ पर्यंत तो त्या पदावर होता.

त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातली पेठ होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, बाहेर खुर्च्या टाकलेल्या आणि माणसं रेंगाळणारी. त्यानं सॅन फ्रान्सिस्कोचे प्रसिद्ध भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांना बोलावून मेन स्ट्रीटचा आराखडा करून घेतला. चार लेनच्या रस्त्याच्या दोन लेन करायच्या, उरलेली रुंदी पदपथांना आणि झाडांना द्यायची आणि गाड्या तिरक्या लावायच्या, असा तो आराखडा. आधीच गिऱ्हाईक नाही, त्यात रस्ता अर्धा केला तर उरलेलंही जाईल, असं दुकानदाराला वाटणं साहजिक होतं. कुठल्याही गावच्या व्यापारी संघानं हेच म्हटलं असतं.

हॅलप्रिन यांनी गाड्या पूर्ण बंद केल्या नाहीत, हे इथे फार महत्त्वाचं. त्या काळात अमेरिकेत मुख्य रस्ता बंद करून पादचारी मॉल करण्याची लाट आली होती. १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझूनं सुरुवात केली आणि दोनशेच्या आसपास गावांनी तिचा कित्ता गिरवला. त्यांतले बहुतेक मॉल फसले. दिवसा तुरळक, रात्री निर्मनुष्य, आणि शेवटी रस्ता पुन्हा उघडायची वेळ आली. ज्या पेठेत माणसंच येत नाहीत ती गाड्यांना बंद केली तर आणखी रिकामी दिसते. ग्रीनव्हिलनं गाडी ठेवली, फक्त तिचा वेग काढून घेतला.

त्या रस्त्याची आडवी फोड बघण्यासारखी आहे. दुकानाच्या काचेपासून निघालं की आधी उपाहारगृहाची टेबलं, मग चालायची पट्टी, मग झाडं आणि बाकं, त्यापलीकडे झाडांच्या मधल्या खाचांत तिरक्या लावलेल्या गाड्या आणि मग वाहतुकीची एकच लेन. तिरकी गाडी बाहेर काढताना मागच्याला थांबावंच लागतं. त्यामुळे ज्याला घाई असते तो आपसूक दुसऱ्या रस्त्यानं जातो आणि ज्याला काही घ्यायचं असतं तोच मेन स्ट्रीटवर उरतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लावलेली ती रोपं पुढच्या वीस वर्षांत दुमजली इमारतींच्या वर गेली. उन्हाळा तिथेही कडक असतो, साउथ कॅरोलायनात सावलीशिवाय कुणी बाहेर बसत नाही. पेठेत माणसं बाहेर बसू लागली याचं श्रेय मी आधी झाडांना देईन, मग उपाहारगृहांना. नगरपालिकेला निवडणुकीच्या आत दाखवायला हवं असं काम हे नव्हेच. झाडांची सावली पडायला लागली तेव्हा हेलर केव्हाच पायउतार झाला होता.

दोन टोकं

पेठेच्या उत्तर टोकाला १९८२ मध्ये हयात रीजन्सी हॉटेल उघडलं. ओसाड पेठेत मोठं हॉटेल कुणी आपल्या पैशानं काढत नाही. म्हणून शहरानं केंद्र सरकारचं नगरविकास अनुदान आणलं, संमेलन केंद्राचा, वाहनतळाचा आणि हॉटेलच्या मधल्या उंच दालनाचा खर्च उचलला. ते दालन कागदोपत्री शहराचं, सार्वजनिक जागा म्हणून. सरकारी पैसा खासगी हॉटेलात गेला असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून ही युक्ती.

दक्षिणेकडे, जिथे पेठ नदीला भिडते तिथे, १९९० मध्ये पीस सेंटर हे कलासंकुल उभं राहिलं. सुमारे २,१०० आसनांचं सभागृह, शिवाय घोडागाड्यांच्या जुन्या कारखान्याची इमारत न पाडता संकुलात सामावून घेतलेली. ज्यांच्या नावानं संकुल आहे त्या पीस कुटुंबानं मोठी देणगी दिली. आता उत्तरेला मुक्कामी पाहुणे आणि दक्षिणेला नाटकाचे प्रेक्षक, आणि दोघांनाही मधला रस्ता चालत ओलांडावा लागे. मधली दुकानं भरायला त्यानंतरही वेळ लागला. पॉइनसेट हॉटेल २००० मध्ये पुन्हा उघडलं.

त्याच सुमाराची एक गंमत. गावातल्या एका हायस्कूलच्या विद्यार्थ्यानं सुचवलं म्हणून मेन स्ट्रीटवर नऊ छोटे कांस्याचे उंदीर बसवले. शिल्पकार झॅन वेल्स. ते भिंतीच्या कडेला, पायरीच्या कोपऱ्यात असे दडवलेत की शोधायला वाकावं लागतं. पोरं उंदीर शोधत हयातपासून पॉइनसेटपर्यंत आईबापांना ओढत नेतात. खर्चाच्या मानानं पेठेत माणसं चालवण्याचा इतका स्वस्त उपाय मी दुसरा पाहिला नाही.

पुलाची फाइल

आता नदी. तिच्यासाठी पहिला हात लावला तो ना शहरानं ना राज्यानं. १९६७ मध्ये कॅरोलायना फूटहिल्स गार्डन क्लब या बायकांच्या बागकाम मंडळानं धबधब्याभोवतीची सुमारे २६ एकर जमीन साफ करून बाग करायला घेतली. फर्मन विद्यापीठ आणि शहर दोघांनीही साथ दिली. डोक्यावर पूल, खाली गिरण्यांचा राडारोडा आणि मधे या बायका झुडपं लावतायत, असं चित्र पुढची तीस वर्षं होतं. पूल पाडायची कल्पनासुद्धा याच मंडळींमध्ये घोळत राहिली.

१९९५ मध्ये नॉक्स व्हाइट महापौर म्हणून निवडून आले आणि नंतर पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले. पूल काढायचाच हे त्यांनी मनावर घेतलं. दोन अडचणी होत्या. पहिली लोकांची. चालू पूल पाडणं म्हणजे करदात्याच्या पैशाचा चुराडा, आणि वाहतुकीचं काय, असं बहुसंख्य लोक म्हणत होते. यावर भाषणांपेक्षा लोकांना खाली नेऊन धबधबा दाखवणं जास्त कामी आलं.

दुसरी अडचण कागदाची, आणि फोटो दाखवणारे जिच्याबद्दल कधीच बोलत नाहीत ती हीच. पूल शहराचा नव्हताच, राज्याच्या रस्तेखात्याचा होता. रस्तेखात्याचं काम वाहतूक चालू ठेवणं. चालू पूल पाडा असं त्याला सांगणं म्हणजे त्याच्या अस्तित्वाच्या कारणालाच हात घालणं. तोडगा निघाला तो असा की राज्यानं पूल आणि रस्ता शहराच्या नावावर करून द्यावा, म्हणजे पुढची देखभालही शहराच्या माथी. राज्याचा खर्च वाचला आणि शहराला पूल पाडायचा हक्क मिळाला. आपल्याकडे गावच्या मुख्य रस्त्याचा मालक सार्वजनिक बांधकाम खातं असतं, नदीपात्राचा जलसंपदा, घाटाचा कधी देवस्थान तर कधी पुरातत्त्व, आणि नगरपालिकेकडे दिव्याचा खांब. नदीकाठ सुधारायचा आराखडा कितीही सुंदर असला तरी ही मालकीची गाठ सोडवल्याशिवाय तो भिंतीवरच राहतो.

पैशाचा मार्गही लक्षात ठेवण्यासारखा. उद्यानाला सुमारे १३ दशलक्ष डॉलर लागले, नव्या पुलाला सुमारे साडेचार दशलक्ष. मुख्य भार शहरानं उपाहारगृहांतल्या जेवणावर बसवलेल्या करावर टाकला. म्हणजे घरपट्टीला हात न लावता, पेठेत जेवायला येणाऱ्याच्या ताटातून नदीकाठचा खर्च निघाला. पेठ आधी सुधारली नसती तर या कराला काही उत्पन्नच नसतं. क्रम महत्त्वाचा म्हणतो तो यासाठी.

२००४ मध्ये फॉल्स पार्क खुलं झालं आणि त्यावरचा लिबर्टी पूलही. वास्तुरचना बॉस्टनच्या मिगेल रोझालेस यांची. सुमारे ३५० फूट लांब, बारा फूट रुंद, आणि सरळ नाही तर वळणदार. झुलत्या पुलाला एरवी दोन्ही अंगांना मोठ्या तारा असतात. इथे मुख्य तार एकाच बाजूला आहे, दोन कललेल्या खांबांवर तोललेली. धबधब्याकडची बाजू पूर्ण मोकळी. कठड्याला टेकून खाली पाहिलं तर नजर आणि पाणी यांच्यात एकही तार येत नाही. जुन्या पुलानं जे झाकलं होतं ते दाखवणं एवढंच या पुलाचं काम, आणि त्याचं सगळं स्थापत्य त्या एका कामासाठी वाकवलंय. काठाला भिंती घातल्या नाहीत, खडक तसेच ठेवले. साबरमतीसारखे काँक्रीटचे सरळ तट पाहून आलेल्या डोळ्यांना हे जरा अपुरं वाटेल. मला तेच बरं वाटतं.

पुढचं भरभर घडलं. नदीला लागून रिव्हरप्लेस ही घरं, दुकानं आणि कचेऱ्यांची वसाहत झाली. २००६ मध्ये नदीपलीकडच्या वेस्ट एंडमध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कच्या धर्तीवरचं बेसबॉल मैदान उघडलं. जुन्या रेल्वेमार्गावरून ट्रॅव्हलर्स रेस्ट या शेजारच्या गावापर्यंत सायकलीची आणि चालण्याची वाट झाली. त्या रेल्वेला लोक गमतीनं 'दलदलीतला ससा' म्हणायचे, वाटेचंही नाव तेच राहिलं, स्वॅम्प रॅबिट ट्रेल. ट्रॅव्हलर्स रेस्टची छोटी पेठ या सायकलवाल्यांच्या जिवावर सावरली.

एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की फक्त पदपथांनी आणि बागेनं हे झालं नाही. ग्रीनव्हिलच्या आसपास जीई व्हर्नोव्हाचा (पूर्वी जनरल इलेक्ट्रिकचा) टर्बाइन कारखाना, मिशेलिनचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय आणि १९९४ पासून मोटारी काढणारा बीएमडब्ल्यूचा प्रकल्प आहे. गिरण्या गेल्या तेव्हा नव्या नोकऱ्या आल्या. पगारदार माणूस संध्याकाळी पेठेत जेवायला येतो, तेव्हा जेवणावरचा कर जमतो. ज्या गावाचा कारखाना गेला आणि दुसरा आला नाही, तिथे झुलता पूल टाकून पेठ भरेल अशी आशा धरू नये.

सखल भागातली माणसं

धबधब्याच्या वरच्या अंगाला, पेठेच्या पश्चिमेस, साउदर्नसाइड ही जुनी काळी वस्ती आहे. पूर येतो ती सखल जमीन, रेल्वेच्या कडेची. १९२० च्या दशकात इथे काळ्या मुलांसाठी मेबेरी पार्क हे मैदान झालं. ३० च्या दशकात त्यातलाच तुकडा काढून गोऱ्यांच्या बेसबॉलसाठी मेडोब्रुक मैदान बांधलं गेलं. पुढे याच पट्ट्यात शहरानं कचरा टाकला, बांधकाम विभागाचं आवार ठेवलं. बाग मागणाऱ्या रहिवाशांना दशकानुदशकं आश्वासनंच मिळाली.

खाली फॉल्स पार्क झालं, ट्रेल या वस्तीला लागून गेला, आणि ज्या जमिनीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं तिचे भाव चढले. लहान लाकडी घरं पाडून तिथे दुप्पट-तिप्पट मोठी घरं उभी राहू लागली. भाडेकरू आधी गेले. ज्यांची स्वतःची घरं होती त्यांतले म्हातारे करापायी किंवा चांगला भाव आला म्हणून गेले. २००० मध्ये शहराच्या वस्तीत काळ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश होतं, २०२० मध्ये ते चौथ्या हिश्श्याच्याही खाली आलं. गावात नव्यानं आलेले बहुतेक गोरे, हे त्याचं एक कारण आहे. पण निघून गेलेली घरंही त्या आकड्यात आहेत.

शहराला हे उशिरा सुचलं. २०१८ च्या सुमारास परवडणाऱ्या घरांसाठी वेगळा निधी काढला. मे २०२२ मध्ये मेबेरी आणि मेडोब्रुक दोन्ही जागा जोडून साठ एकरांचं युनिटी पार्क उघडलं आणि लगतची काही एकर शहराची जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखली. रीडीच्या काटकोनात कापलेल्या काठांना उतार दिला, पुराचं पाणी पसरायला जागा सोडली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलन वादळाच्या वेळी नदी पात्राबाहेर आली तेव्हा ती जागा उपयोगी पडली.

माझं मत विचाराल तर घरांची जमीन २००२ मध्ये घ्यायला हवी होती, पूल पाडायच्या आधी. तेव्हा ती मातीमोल होती, आणि उद्यान होणार हे शहराशिवाय कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. वीस वर्षांनी तीच जमीन राखायची तर शहराला स्वतःच वाढवलेल्या भावाशी झुंजावं लागतं.

पाणी

नदी उद्यानामुळे स्वच्छ झाली, असा समज फॉल्स पार्कचे फोटो पाहून होतो. रंगाचं पाणी थांबलं ते १९७२ च्या केंद्रीय जलशुद्धता कायद्यानं आणि गिरण्या बंद पडल्यानं. उद्यानाच्या वेळेपर्यंत नदी दिसायला बरी झाली होती, म्हणून तर तिच्याकडे तोंड करून बाकं टाकता आली. जंतूंचं प्रमाण मात्र आजही पोहण्याच्या निकषात बसत नाही, कारण गावातल्या रस्त्यांवरचं आणि वरच्या शिवारातलं सगळं पावसाचं पाणी रीडीतच येतं. पोरं खडकांवर बसून पाय बुडवतात ती गोष्ट वेगळी.

गिरण्यांनी ओतलेलं सगळं वाहूनही गेलेलं नाही. गावापासून काही किलोमीटर खाली कॉनेस्टी इथे १८९२ चं दगडी धरण आहे, तेही एका गिरणीसाठीच बांधलेलं. शंभर वर्षांचा गाळ त्याच्यामागे साचलाय आणि त्यात रंगांबरोबर आलेले जड धातू आणि कारखान्यांची रसायनं आहेत. तळं जवळपास भरून त्याचं पाणथळ जंगल झालं, तिथे पक्षी आले, निसर्ग उद्यान झालं. पण धरण जुनं आहे. ते फुटलं तर गाळ खाली ग्रीनवूड तलावाकडे जाईल, आणि त्या तलावाचं पाणी माणसं पितात. गाळ उपसणं परवडत नाही, म्हणून जुन्या धरणाला लागून नवं धरण बांधायचं ठरलं आणि राज्याच्या विधिमंडळानं त्यासाठी पैसे मंजूर केले. जेवणावरच्या करातून याला एक डॉलरही जात नाही. धरण नगरहद्दीबाहेर आहे, आणि ते बांधणारी गिरणी कधीच बंद पडली आहे.